बोटीचं भाडं आणि चार वर्षांचा कागद

प्रश्न थोडक्यात असा: सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातली गरीब माणसं बोटीच्या भाड्यापोटी काही वर्षं स्वतःला बांधून घेऊन अमेरिकेत जायची, तो व्यवहार नक्की चालायचा कसा? पाच-सहा पौंडांसाठी चार-पाच वर्षं राबायचं ही सरळ लूट नव्हे का? ‘गोरे गुलाम’ म्हणून जे फिरत असतं त्यात तथ्य किती? आणि विचारणाऱ्यांच्या घरी सांगतात की पणजोबांचे चुलतभाऊ रत्नागिरीकडून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेले. तो हाच प्रकार का?

चारही प्रश्न एका कागदापाशी येऊन थांबतात, म्हणून आधी तो कागद बघू.

माझ्या वडिलांचं तहसील कचेरीसमोर टेबल होतं. मुद्रांकविक्री आणि दस्तलेखन. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली नकला करायचे. लिहून घेणार, लिहून देणार, चतुःसीमा, आणि शेवटाकडे ती ठरलेली ओळ, की हा दस्त लिहून घेणार व त्यांचे वालीवारस, व्यवस्थापक, असाइनीज या सर्वांस लागू राहील. त्या ओळीकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. पुढे मी इतिहासाकडे वळले; स्थलांतराचा आर्थिक इतिहास शिकवायला लागून आता पंचवीस वर्षं होतील. इंडेंचरचा, म्हणजे स्वतःला बांधून घेण्याच्या या कराराचा, छापील नमुना पहिल्यांदा पाहिला तेव्हा नजर आपसूक त्याच ओळीवर गेली. ती तिथे होती, आणि सगळा धंदा तिच्यावरच उभा होता.

कागद म्हणजे एक छापील पानच. मजकूर आधीच छापलेला, मधेमधे रिकाम्या जागा: नाव, गाव, वय, कसब, किती वर्षं, कुठल्या वसाहतीत. कारकून त्या शाईने भरणार, खाली सही किंवा फुलीची निशाणी. जुन्या काळी एकाच चर्मपत्रावर दोन प्रती लिहून मधून नागमोडी कापत; तंटा झाला की दोन तुकड्यांचे दाते जुळवून बघायचे. इंडेंचर या शब्दात तो दातच आहे, लॅटिन ‘डेन्स’. मजकूर साधा. नोकर म्हणतो, मालक सांगेल ते काम अमुक वर्षं इमानाने करीन. मालक म्हणतो, भाडं मी भरतो, मुदतभर अन्न, वस्त्र, निवारा देतो, आणि सुटताना तिकडच्या रिवाजाप्रमाणे जे द्यायचं ते देतो. पण हे ‘मालक’ म्हणजे कोण, तर अमुक इसम ‘किंवा त्याचे असाइन्स’, म्हणजे तो ज्याला हा कागद सोपवील तो.

इंग्लंडातल्या ब्रिस्टल बंदराच्या धक्क्यावर ‘लिहून घेणार’ म्हणून सही करायचा तो बोटीचा कप्तान किंवा एखादा व्यापारी. त्याचं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत ना शेत, ना त्याला गडी हवा. त्याला हवा विकता येणारा कागद. पलीकडे बोट लागली की तंबाखूचे मळेवाले बोटीवर चढायचे, माणसं निरखायचे आणि कागद विकत घ्यायचे. माणसाच्या अंगावर लिहिलेली हुंडी म्हणा हवं तर. ज्याच्या हाती पडेल त्याने वटवायची.

आपल्या भाषेत याला सगळ्यात जवळचा शब्द ‘उचल’. ऊसतोडीला निघालेलं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि हंगामभर ती फेडतं. फरक इतकाच की मुकादम जोडप्याला ठरलेल्या कारखान्यावर नेतो. इथे मुकादमच समुद्रापलीकडे जाऊन उचलीचा कागद अनोळखी माणसाला विकणार, आणि उचल घेणाऱ्याला ते सही करतानाच माहीत असणार.

याची गरज का पडली? इंग्लंडहून अमेरिकेचं भाडं सतराव्या शतकात साधारण पाच ते सहा पौंड. शेतावरचा गडी मालकाकडे राहून-जेवून वर्षाला दोन-चार पौंड मिळवायचा. म्हणजे भाडं ही दीड-दोन वर्षांची अख्खी कमाई. विशी-बाविशीतल्या पोराकडे ती कुठून येणार? कर्ज तरी कोण देणार? तारणाला काही नाही, आणि पैसे दिले की ऋणको तीन हजार मैलांवर. सावकार कितीही खमक्या असला तरी तिथे वसुलीला जात नाही. तारण ठेवण्याजोगं एकच होतं, पुढची काही वर्षं. १६३० च्या दशकापासून अमेरिकी क्रांतीपर्यंत तिकडे गेलेल्या गोऱ्या लोकांपैकी निम्मे ते दोन तृतीयांश याच वाटेने गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

आता लुटीचा प्रश्न. एम.ए.ला असताना मी निबंधात छातीठोकपणे लिहिलं होतं की चार वर्षांची मजुरी बारा पौंड, भाडं सहा पौंड, म्हणजे ही शंभर टक्के सावकारी. सरांनी समासात लाल शाईने एवढंच लिहून परत दिलं: ‘मेलेल्यांचं भाडं कोणी भरलं?’

तेव्हा राग आला. मग हिशोब पुन्हा मांडला. भाड्याखेरीज दलालाची दलाली, बोट सुटेपर्यंतचं खाणं, अंगावरचे कपडे. वाटेत जो मेला त्याचा कागद कोराच, तो तोटा व्यापाऱ्याचा. पलीकडे एका नोकराच्या कागदाला सर्वसाधारण दहा ते पंधरा पौंड यायचे. त्यातूनच हे सगळं भागवायचं. मळेवाल्याने कागद घेतला की पुढचं मरण त्याच्या अंगावर. हिवताप आणि हगवण यांनी नवी माणसं पहिल्या उन्हाळ्यातच जायची. या सवय होण्याच्या काळाला तिकडे ‘सीझनिंग’ म्हणत, जणू लाकूड मुरवायचं आहे. १६०७ ते १६२४ या काळात व्हर्जिनियात सहा हजारांच्या आसपास माणसं उतरली आणि १६२५ च्या मोजणीत जेमतेम बाराशे भरली. पहिला उन्हाळा निभावला तो माणूस मेलेल्यांचंही भाडं फेडत होता. लूट म्हणायची तर ती एकट्या कप्तानाच्या खिशात शिरलेली दिसत नाही. बराचसा भाग तापानेच खाल्ला.

पण सरांच्या त्या ओळीतही एक बाजू सुटली होती, ती मला फार उशिरा दिसली. १६१८ पासून व्हर्जिनिया कंपनीने नियम केला की जो कोणी माणूस आणण्याचं भाडं भरेल त्याला माणशी ५० एकर जमीन. याला हेडराइट म्हणत, म्हणजे मुंडक्यामागे हक्क. भाडं भरणारा मळेवाला, म्हणून जमीन मळेवाल्याला. म्हणजे भाडं दोनदा वसूल झालं, एकदा कामातून आणि एकदा जमिनीतून. वर लबाडी ती वेगळीच: एकाच उतारूच्या नावावर कप्तानानेही एकर मागावेत, व्यापाऱ्यानेही, आणि शेवटी कागद विकत घेणाऱ्यानेही. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर तीन कर्जं काढणारे महाभाग पाहिले असतील, त्यांना यात नवल वाटायचं नाही. ज्याच्या मुंडक्यावर ही जमीन मिळाली तो मात्र त्याच जमिनीवर तंबाखूची रोपं लावत उभा.

त्याला सुटताना काय मिळायचं? शेजारच्या मेरीलँड वसाहतीच्या १६४० च्या कायद्यात यादीच आहे: जाड कापडाचा एक सूट, एक सदरा, बूट-मोजे, दोन कुदळी, एक कुऱ्हाड, तीन पिंपं मका आणि ५० एकर जमिनीचा हक्क. नीट वाचा, जमिनीचा हक्क, जमीन नव्हे. मोजणीची फी, कारकुनाची फी भरल्याशिवाय तो हक्क ताब्यात येत नसे. ती जवळ नसायची, म्हणून कित्येकांनी हक्काचा कागद तिथल्या तिथे विकून टाकला. १६८० च्या दशकात मेरीलँडने जमिनीचं कलमच काढलं. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्यात पुरुषाला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि वीस शिलिंगांची बंदूक. बाईला पंधरा बुशेल मका आणि चाळीस शिलिंग. जमीन नाहीच.

मुदत किती हे कोण ठरवायचं, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग, कारण इथे गरीब माणूस थोडाफार घासाघीस करताना सापडतो. ब्रिस्टलच्या नगरपालिकेने १६५४ साली फर्मान काढलं की परदेशी जाणाऱ्या प्रत्येक नोकराची नोंद झालीच पाहिजे. कारण दया नव्हे, तक्रारी: मुलांना, दारुड्यांना फूस लावून किंवा सरळ उचलून बोटीवर घालणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट होता. लोक त्यांना ‘स्पिरिट’ म्हणत, जणू भुताने नेलं. त्या फर्मानामुळे दहा हजारांच्या आसपास नावांची वही आपल्याला मिळाली. त्यात सुमारे चौथा हिस्सा बाया. लंडन आणि लिव्हरपूलच्याही वह्या आहेत. अशा नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या की कल दिसू लागतो. वय जास्त, मुदत कमी. सही येते, मुदत कमी. सुतारकाम, लोहारकाम येतं, मुदत कमी. आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवर जाणाऱ्यांची मुदत मुख्य भूमीवर जाणाऱ्यांपेक्षा काही महिन्यांनी कमी, कारण तिथल्या उसाच्या कामाची आणि तापाची कीर्ती धक्क्यापर्यंत पोचलेली होती. तेव्हा सही करणारे सगळेच आंधळे नव्हते. मरण कुठे स्वस्त आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची किंमत ते मागत होते.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ‘देशाचा रिवाज’ लागू. व्हर्जिनियाच्या १६४३ च्या कायद्याप्रमाणे विशीच्या वरच्याला चार वर्षं, बारा ते वीसला पाच, बाराच्या आतल्याला सात. १६६६ पासून आणखी कडक: १९ किंवा वरचा असेल तर पाच वर्षं, आणि १९ च्या आतला असेल तर वयाची २४ पुरी होईपर्यंत. जन्माचा दाखला कुणापाशी? मालक पोराला काउंटीच्या कोर्टात उभं करायचा आणि न्यायाधीश चेहरा, उंची बघून वय जाहीर करायचे. पंधराचा मुलगा तेराचा ठरला की मालकाला दोन वर्षं फुकट. हे न्यायाधीश स्वतः कोण, तर आसपासचे मळेवालेच. त्या कोर्टाच्या वहीत नुसतं नाव आणि आकडा असतो, एका ओळीत. शाळेत माझी जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने १ जून टाकली, त्याने माझं काही अडलं नाही. त्या आकड्यांकडे बघताना मात्र ती एक जून मला हमखास आठवते.

जर्मन लोकांची पद्धत याहून निराळी होती. बऱ्याच जणांना इंडेंचर आणि ती एकच वाटते, म्हणून इथे जरा थांबते. ऱ्हाईन नदीच्या काठची कुटुंबंच्या कुटुंबं अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनिया वसाहतीतल्या फिलाडेल्फियाला निघाली. ती रॉटरडॅमला यायची आणि भाडं पुरं नसेल तर उधारीवर बोटीत चढायची. करार असा: पोचल्यावर साधारण दोन आठवड्यांत पैसे उभे करा, नातेवाइकांकडून आणा, सामान विका, काहीही करा. नाही जमलं तर कप्तान तेवढ्या रकमेपुरतं तुम्हाला कामाला बांधणार. यांना ‘रिडेम्प्शनर’ म्हणत, स्वतःला सोडवून घेणारे.

वरवर हे जास्त माणुसकीचं दिसतं, पण जोखीम कोणावर आहे ते बघा. इंग्रज नोकराची मुदत आधीच पक्की. फिलाडेल्फियात बाजार पडला तर भाव कमी येईल आणि चाट कप्तानाला बसेल. रिडेम्प्शनरचं कर्ज पक्कं. बाजार पडला तर तेवढंच कर्ज फिटायला जास्त वर्षं लागणार आणि चाट बसणार त्यालाच. एकाच महिन्यात चार बोटी लागल्या की मागाहून लागलेल्या बोटीतल्यांची वर्षं वाढली.

१७५० साली मिटेलबर्गर नावाचा एक ऑर्गनवादक मास्तर पेनसिल्व्हेनियासाठीचा एक ऑर्गन सोबत घेऊन या वाटेने गेला आणि १७५४ मध्ये परतला. त्याने दर लिहून ठेवलेत: दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला दहा पौंड किंवा साठ फ्लोरिन, पाच ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, पाचाच्या आतलं मूल फुकट. अगदी एस.टी.सारखं. पण हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत नदीवर ३६ जकातनाके, आणि प्रत्येक नाक्यावर नावाडी जकातवाल्याच्या मर्जीची वाट बघत अडकलेला. घर विकून आणलेले पैसे बोटीत चढायच्या आधीच तिथे आटायचे. आणि एक नियम, जो मी वर्गात सांगितला की दर वर्षी कोणी ना कोणी पुन्हा विचारून खात्री करून घेतं: नवरा किंवा बायको वाटेत मेली आणि निम्मा प्रवास झालेला असला, तर मागे राहिलेल्याने मेलेल्याचंही भाडं फेडायचं. सरांनी समासात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे थेट बोटीच्या हिशोबातच लिहिलेलं. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना एकविशीपर्यंत बांधायचे, आणि आईबाप एका मालकाकडे, पोरं दुसऱ्याकडे, हे नेहमीचंच. १७६४ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या जर्मन लोकांनी स्वतःची सोसायटी काढली ती या बोटींवरच्या हालांमुळेच.

हे सगळं एका माणसाच्या अंगावर घालून बघायचं तर मी जॉन हॅरोवरचं नाव घेते. शेटलंड बेटांवरच्या लेरविकचा हा छोटा व्यापारी धंद्यात बुडाला आणि ६ डिसेंबर १७७३ रोजी बायकामुलांना मागे ठेवून कामाच्या शोधात निघाला. खिशात साडेआठ पेन्स रोख आणि वाटेत विकायला तीन पौंडांचे लोकरी मोजे. तो रोजनिशी लिहायचा, म्हणून हे कळतं. लंडनला काम मिळेना. मोजे संपले, पैसे संपले. २६ जानेवारी १७७४ रोजी त्याने चार वर्षांच्या कागदावर सही केली: व्हर्जिनियात शाळामास्तर म्हणून काम, जेवण, बिछाना, धुणं मालकाचं, आणि चार वर्षांचे मिळून पाच पौंड. शिकलेला, चाळिशीकडे झुकलेला माणूस, तरी भाव एवढाच.

मे महिन्यात बोट फ्रेडरिक्सबर्गला लागली. नोकरांचे कागद विकत घ्यायला लोक बोटीवर आले त्याची नोंद त्याने केली आहे. त्यात दोघे ‘सोल ड्रायव्हर’ होते. यांचा धंदा असा की आलेल्या बोटीतले सगळे नोकर आणि कैदी घाऊक घ्यायचे आणि मेंढरांसारखे गावोगाव हाकत नेऊन फुटकळीत विकायचे. हॅरोवर त्यातून वाचला. डेंजरफील्ड नावाच्या कर्नलाने त्याला आपल्या मुलांसाठी घेतलं. तिथे त्याला बरं वागवलं, आसपासच्या मळेवाल्यांची मुलं फी घेऊन शिकवायची मुभाही दिली. बायकोला आणवून घ्यायचं, हे त्याच्या मनात पहिल्यापासून होतं. मुदत संपायला साधारण वर्ष उरलेलं असताना, १७७७ मध्ये, तो आजारी पडून वारला.

आता ‘गोरे गुलाम’. आयर्लंडच्या लोकांना गुलाम करून नेलं अशी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरते, आणि मला ती पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही असतात. हाल खरे होते, त्यात वाद नाही. रिचर्ड फ्रेथॉर्न या पोराने १६२३ साली व्हर्जिनियातून आईबापांना लिहिलेलं पत्र आहे: बोटीतून उतरल्यापासून वाटाणे आणि पातळ पेज यापलीकडे काही पोटात नाही, पांघरायचा झगा चोरीला गेला, मला सोडवा किंवा निदान विकायला काही खाण्याचं पाठवा. पळून जाणाऱ्याला व्हर्जिनियात पळाला त्याच्या दुप्पट दिवस भरून द्यावे लागत, दुसऱ्यांदा पळाला तर गालावर डाग. मेरीलँडमध्ये एका दिवसाला दहा दिवस. नोकर बाई गरोदर राहिली की तिची मुदत वाढायची. खुद्द मालकापासून राहिली तर १६६२ च्या कायद्याने ती दोन वर्षं चर्चच्या कारभाऱ्यांकरवी दुसऱ्याला विकली जायची, जेणेकरून मालकाला आपल्या कर्माचा फायदा मिळू नये. शिक्षा मात्र तिलाच. याशिवाय १७१८ च्या कायद्यानंतर इंग्लंडने पन्नास हजारांच्या घरात कैदी अमेरिकेत धाडले, सात किंवा चौदा वर्षांच्या बोलीवर. सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडचा सत्ताधीश असलेल्या क्रॉमवेलने युद्धकैदी बार्बाडोसला पाठवले ते निराळे. या दोन्ही गटांनी कशावर खुशीने सही केली नव्हती, त्यांना या व्यवहारात धरू नये.

तरीही ती गुलामी नव्हती, आणि हे सांगायला मला एकच खटला पुरतो. १६४० साली व्हर्जिनियातून तीन नोकर मेरीलँडकडे पळाले आणि पकडले गेले. एक डच, व्हिक्टर. एक स्कॉटिश, जेम्स ग्रेगरी. तिसरा आफ्रिकी, जॉन पंच. गुन्हा एक, मालक एक, तिघांना तीस-तीस फटके. पुढे पहिल्या दोघांना मालकाकडे एक वर्ष आणि नंतर वसाहतीकडे तीन वर्षं जादा. जॉन पंचला आयुष्यभर. तिघांच्या शिक्षेत फरक पडला तो नुसत्या कातडीने. पुढे १६६२ मध्ये कायदाच झाला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. गुलाम बाईचं पोर जन्मतः गुलाम. नोकर बाईचं पोर नोकर म्हणून जन्मत नव्हतं. नोकराला काउंटी कोर्टात मालकावर फिर्याद करता यायची, आणि कधीकधी तो जिंकायचाही. कागदावर शेवटची तारीख होती. वर्षांचं तारण आणि माणसाचं तारण, यांत हाच फरक.

मळेवाल्यांनी कागदाचे नोकर सोडून गुलाम का धरले? १६७० नंतर इंग्लंडात मजुरी सुधारली, निघणारी पोरं कमी झाली. १६९८ मध्ये रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी मोडून गुलामांचा व्यापार सगळ्यांना खुला झाला. तंबाखूच्या मळ्यांना हात हवे होते, ते तिथून मिळाले. पेनसिल्व्हेनियात कागदाची पद्धत आणखी शंभर वर्षं रेंगाळली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विरून गेली. भाडी स्वस्त झाली आणि आधी गेलेले भाऊ-काके तिकडून तिकिटाचे पैसे पाठवू लागले. तारण मागणाऱ्याची गरजच उरली नाही.

राहिला मॉरिशसचा प्रश्न. गिरमिट हा शब्द ‘अ‍ॅग्रीमेंट’ तोंडात घोळवून झालेला. सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही, जरी काहींना तो भोक पाडणाराच वाटला असेल. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामी कायद्याने संपली, त्याच्या आधीच्याच वर्षी कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन ‘अ‍ॅटलस’ बोट तिथे लागली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसं गेली. मुंबई बंदरातून गेलेली कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडी, पण त्यांत रत्नागिरीकडची बरीच. तिथे पिकलेली साखर इकडे ‘मोरस’ नावाने विकली जायची; पिकवणारा आपला आणि खाणाराही आपला.

कागद त्याच घराण्यातला, पण घडण बदललेली. इथे भाडं मळेवाल्याने किंवा वसाहतीच्या सरकारने आधीच भरलेलं असे, मजुराच्या नावावर ते कर्ज म्हणून चढत नसे. मुदत पुढे पाच वर्षांची झाली. आणि इथे रोख पगार होता, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. अमेरिकेतल्या नोकराला मुदतभर पगार नसे, त्याचा पगार भाड्यातच गेलेला. पण पगार असला की कापताही येतो: मॉरिशसमध्ये एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचे पैसे जात. परतीचं भाडं सुरुवातीला मळेवाल्याच्या शिरावर होतं. १८५० च्या दशकात तो हक्क गेला आणि बरीचशी माणसं तिथलीच झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठीची भरती थांबवण्याचा ठराव आणला तो सरकारने मानला, आणि मार्च १९१२ मध्ये सगळीच गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव आणला तो सरकारी मतांनी पाडला. बंदी आली १९१७ मध्ये, गोखले गेल्यानंतर.

तुमच्या पणजोबांच्या चुलतभावाचा शोध घ्यायचा असेल तर मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या वह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला उतरताना एक क्रमांक मिळायचा. त्यासमोर बोटीचं नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण आणि गाव. १८६० च्या दशकापासून काहींचे फोटोही आहेत. क्रमांक घरात कोणापाशी नसणार, म्हणून नाव आणि गावावरून जावं लागेल, आणि तिथेच सगळे अडकतात. कारकुनाने कानावर पडलं तसं रोमन लिपीत लिहिलं आहे. ‘गणू’ चार तऱ्हांनी सापडेल, आडनाव बहुतेक सापडणारच नाही. गावापेक्षा जिल्हा आणि तालुका आधी बघा. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण आणि वेंगुर्लंही होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. सावंतवाडी हे मात्र वेगळं संस्थान, तेव्हा माणूस तिकडच्या एखाद्या गावचा असला तर ‘रत्नागिरी’ या नावाखाली तो तुम्हाला दिसेलच असं नाही.